आरोहीचा डावा पाय

आमची आरोही डावा पाय ओढत चालायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्या पायावरूनच घडलं.

लंगडी म्हणाल तर खबरदार. लंगडी नव्हती. लहान असताना कापसाच्या ट्रॉलीवरून पडली, हाड बसवणाऱ्यानं बसवलं, ते जरासं तिरपं बसलं. टाच टेकली की पाऊल घासत पुढं यायचं, एवढंच. टप्… सर्र. टप्… सर्र. आमच्या जिन्यावर तो आवाज आला की कुणी आलं ते बघायला उठावं लागत नसे.

मी सुलभा, तिची आत्या. मोताळ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. इथं धामणगाव बढ्याला गोपाळच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहते. खाली त्याचं खता-बियाण्यांचं दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. शाळेत जन्मभर शुद्ध बोलावं लागलं म्हणून माझी भाषा ही अशी. घरचे वऱ्हाडीच बोलतात, आणि रागावले की मीसुद्धा. राग मला लवकर येतो. ज्यांना येत नाही त्यांचं मला नवल वाटतं.

गोपाळची बायको सुचिता, माझी भावजय. फरशीची वेडी बाई. दोन-दोनदा फरशी पुसायची, आणि नेमकी ती ओली असताना आरोही चपला घालून आत यायची. ओढलेल्या चपलेचा लांब फराटा फरशीवर उमटायचा. मग स्वयंपाकघरातून ठरलेली आरोळी, "आरोही, चपला दारातच काढ वं! फरशी ओली हाये!" आवाजावरूनच ओरडायची ती, वळून बघायचीसुद्धा नाही. आणि आरोही दारात उभी राहून तोंड दाबून हसायची.

आरोहीला पाहायला येणारी मंडळी पोहे खायची, चहा प्यायची आणि मग त्यातली एखादी बाई अगदी गोड आवाजात म्हणायची, "पोरीले जराशीक चालून दाखवू द्या न." झालं! सुचिताचा चेहरा उतरायचा. आरोही मात्र उठायची आणि मुद्दाम जास्त पाय ओढत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. "घ्या, नीट पाहून घ्या. मंग म्हनसान आमच्यापासून लपवलं." एक स्थळ शेजारच्या तानाबाईनं आणलं होतं, तेही असंच चहा पिऊन गेलं. त्या दिवशी सुचिता चुलीपाशी बसून रडली. "एवढा एक पाय नीट असता तं," म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी ऐकू येणंच बंद झालं.

देवेश हा आरोहीचा मोठा भाऊ. पुण्याला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता, मग ती सोडून घरी आला आणि गच्चीखालच्या खोलीत स्वतःचा खेळ बनवायला बसला. गोपाळ लोकांना सांगायचा, पोरगा कॉम्प्युटरचं काम करते. गेम म्हणायला त्याला लाज वाटायची. खेळ असा होता की एक मुलगी ओसाड गावात एकटीच फिरते आणि गावातली माणसं कुठं गेली ते शोधते. मी म्हटलं, "एवढं शोधायचं काय त्यात? पुण्याले गेली असतीन." देवेश हसला नाही.

त्या मुलीच्या चालण्यासाठी त्यानं आरोहीला गच्चीवर उभं केलं. गुडघ्यांना, घोट्यांना, मनगटांना पट्टे बांधले. त्या पट्ट्यांत काहीतरी होतं, त्यामुळं तिचं हलणं जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये जायचं. तिला त्यानं पळवलं, बसवलं, पाण्याच्या टाकीवर चढवलं, मागं वळून बघायला लावलं. मी कुरडया वाळत घालायला गेले होते ते तिथंच रमले.

"दादा," आरोही म्हणाली, "हिरोईन अशी पाय घासत चालली तं लोक खेळतीन का बे?"

"खेळतीन. तुह्यासारखं कोनीच चालत नाही, म्हून तं घेऊन राह्यलो."

तिनं घोट्याचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "मंग एक कबूल कर. माहा पाय नीट करायचा नाही. जो तो मले नीटच करायले निघाला हाये. तू तरी नको करू."

"नाही करत."

"आत्या, तू साक्षीदार."

"हाव," मी म्हटलं. हातात कुरडईचा चीक होता. एवढीच ती साक्ष.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती बुलढाण्याहून स्कूटीवर परत येत होती. राजूर घाटातली सगळी वळणं नीट उतरली. खाली सपाटीला रस्त्यात एक ट्रॉली उभी होती, कापसाचीच, मागं ना दिवा ना काही. लहानपणी तिचा पाय गेला तोही कापसाच्या ट्रॉलीपायी, आणि आता तीच गेली. त्या ट्रॉलीवाल्याला मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, त्याचाही मला रागच आला.

सुचितानं जेवण सोडलं. ताटावर बसायची आणि उठायची. फरशी पुसणंही सोडलं. आमच्या घरात धूळ साचली, बाईमाणसं भेटायला यायची ती पाऊल टाकताना खाली बघायची. मग मीच पुसायला लागले. नुसता चहा आणि कुणी भरवलाच तर एखादा घास, यावर ती आठवडेच्या आठवडे राहिली. गोपाळ तिच्याकडं बघत मला म्हणाला, "ताई, हेही जाते आता." तो असं बोलणारा माणूस नव्हे.

आणि एका संध्याकाळी देवेशनं बऱ्याच दिवसांनी खेळ उघडला. दार उघडं होतं. स्पीकरमधून आवाज आला. टप्… सर्र. टप्… सर्र.

भिंतीकडं तोंड करून झोपलेली सुचिता उठली. "आली?" असं म्हणाली आणि भिंत धरत धरत देवेशच्या खोलीपर्यंत गेली. पडद्यावर विहिरीपासून घराकडं एक मुलगी चालली होती. तिला चेहरा नव्हता, तोंडाच्या जागी नुसता गव्हाळ रंगाचा सपाट तुकडा. चेहरा करायचा राहिलाच होता. पण चाल आरोहीची होती. खांदा किंचित झुकणं, पाऊल घासणं, मध्येच थांबून वेणी मागं टाकणं. सुचिता खाली बसली आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर रोज दिवा लावला की ती तिथं जाऊन बसे. देवेशनं तिच्यासाठी अशी सोय केली की बटन दाबलं की खेळ आपोआप सुरू व्हायचा आणि मुलगी आपली आपण विहिरीवरून घरी, घरून विहिरीवर चालत राहायची. खेळायचं काही नाही, नुसतं बघायचं.

मी देवेशला विचारलं, "हिला चालवतं कोण रे आत?"

तो म्हणाला, "आत्या, आत दोघं असतात. लग्नात कसा आचारी असते आन वाढपी असतात? सीपीयू म्हंजे आचारी. पाय केव्हा उचलायचा, कुठी टेकवायचा, ते थो ठरवते. आरोहीचं रेकॉर्डिंग त्याच्यापाशी हाये. आन जीपीयू, म्हंजे हे ग्राफिक्सचं कार्ड, हे वाढपी. एक नाही, हजारो. आचाऱ्यानं सांगतलं की हजारो पानांत एकदम वाढतात. पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवतात. वाढप्यानं डोकं नाही चालवायचं, फक्त वाढायचं."

शहाण्यासारखं बोलला. मला समजलं आणि पटलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा पुण्याहून आल्हाद आला. हा देवेशचा जुना मित्र. त्याची कंपनी देवेशचा खेळ बाजारात आणणार होती. पोरगा चांगला, वाकून नमस्कार करणारा, पण आमचं बोलणं ऐकताना ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबायचा ते मला दिसायचं. त्यानं विटेएवढं एक नवं कार्ड आणलं.

"आत्या, पुढचे सगळे गेम्स असेच होणारेत," तो म्हणाला. "सीपीयूनं एकेक पाऊल ठरवत बसायचे दिवस गेले. तो फक्त एवढंच सांगणार, मुलगी विहिरीपासून घरापर्यंत गेली. बाकी चेहरा, केस, सावली, चालणंसुद्धा कार्ड स्वतःच रचणार. लाखो माणसांना चालताना बघून शिकलंय ते."

"म्हणजे वाढपीच स्वयंपाक करणार?"

तो खळखळून हसला. "आचाऱ्यापेक्षा भारी करतात आत्या!"

"आणि आचारी काय करणार?"

"बसून राहणार. काय काय हवं ते सांगायचं, की झालं त्याचं काम."

मला ते लक्षण चांगलं वाटलं नाही. देवेशच्या मनात वेगळंच होतं. नवं कार्ड फोटोवरून चेहरा बनवू शकत होतं, जिवंत माणसासारखा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात. आईला आरोहीचा चेहरा दाखवायचा, असं त्यानं ठरवलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी भांडतानाही विसरले नाही.

आखाजीला सुचितानं, गेलेल्या माणसाची भरतात तशी, आरोहीच्या नावानं घागर भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आणि घागर देवघरात न मांडता कॉम्प्युटरसमोर नेऊन मांडली. तानाबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या होत्या. देवेशनं बटन दाबलं.

मी ओरडलेच. आरोही! भुवईजवळचा बारका वण, हसताना एकाच गालावर पडणारी खळी, वाऱ्यानं उडणाऱ्या बटा, सगळं ती. तिनं आमच्याकडं पाहिलं, हसली, वळली आणि चालू लागली.

टप्, टप्, टप्, टप्.

सरळ. तालात. कपड्यांच्या जाहिरातीतल्या पोरी चालतात तशी. मी सुचिताकडं पाहिलं. आता ही उठेल, म्हणेल ही माझी नाही, असं मला वाटलं.

सुचितानं दोन्ही हात जोडले. "माय वं!" म्हणाली. "पाय बरा झाला माह्या लेकीचा!"

मग तिनं तानाबाईचा हात धरून तिला पुढं ओढलं. "पाह्य न, तानाबाई! पाह्य, कशी चालून दाखवून राह्यली! सांग आता तुह्या त्या स्थळवाल्यायले!"

तानाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लय सुंदर चालते वं," ती म्हणाली. बिचारी दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी सुचिता पोटभर जेवली. पुरणपोळी, वर आमरस. गोपाळ तिच्या ताटाकडं बघत बसला होता, स्वतः जेवायचंच विसरला.

मी देवेशला गच्चीवर गाठलं. "कायचा रे तू भाऊ! काय कबूल केलं होतं तुनं? मी साक्षीदार होती का नाही?"

"म्या नाही केलं, आत्या. कार्डानं केलं."

"कार्डाच्या नावावर खपवू नको!"

"खरंच सांगून राह्यलो. आरोहीचं सगळं रेकॉर्डिंग म्या त्याले शिकवलं. पन त्यानं लाखो लोक सरळ चालतानी पाह्यले हायेत. त्याले वाटते हे पाय घासनं म्हंजे चूक हाये, रेकॉर्डिंग बिघडलं असंन. थे चूक दुरुस्त करून टाकते."

"मंग सांग न त्याले चूक नाही म्हून!"

"सांगतलं. पुन्हा पुन्हा सांगतलं. जोर देला तं असं लंगडवते की पाहवत नाही, नाटकातल्या लंगड्यासारखं. त्याले लंगडनं समजते, आत्या. आरोही नाही समजत."

जुनं अजून आहे, म्हणाला. सीपीयूपाशी तसंच ठेवलंय, एक बटन दाबलं की येतं. मी म्हटलं, मग दाब. त्यानं कठड्याला टेकून तोंड झाकून घेतलं. "आई जेवून राह्यली, आत्या," म्हणाला.

तिथंच गप्प बसायला हवं होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. ती पोरगी मला साक्षीदार ठेवून गेली होती. तिचं जगात काय राहिलं होतं? कपडे वाटून टाकले, स्कूटी भंगारात गेली. एक चाल तेवढी राहिली होती, आणि तीही आता कुणीतरी कुठली लाखभर माणसं आणून पुसायला बसलं होतं. मी देवेशचा पिच्छा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं सुचितासमोर ते बटन दाबलं.

हसरा चेहरा गेला. गव्हाळ सपाट तोंडाची मुलगी आली. टप्… सर्र.

"हे कोन?" सुचितानं विचारलं.

"आई, ही आरोहीच हाये. हेच तिचं खरं—"

"माही आरोही अशी नव्हती चालत."

मी म्हटलं, "सुचिता, असं काय करतेस गं? रोज तर बघत होतीस." तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं.

"लोकायनं नावं ठेवले थे काय कमी होते? आता घरचेच ठेवा. थे पुसून टाक देवेश."

"आई…"

"पुसून टाक म्हनलं न! थे या घरात राह्यलं तं मी अन्नाले शिवनार नाही."

गोपाळ दारात उभा होता. मान वर न करता म्हणाला, "टाक बे पुसून. गेलेल्या पोरीच्या पायासाठी जित्तीले मारता काय?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. कुणावर ओरडावं ते कळेना. खोलीत जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. शनिवारी आल्हादला सगळं पाठवायचं आहे, ते झालं की पुसतो, असं देवेशनं आईला सांगितलं. सुचितानं मान डोलावली आणि पुन्हा त्या सरळ चालणाऱ्या पोरीसमोर जाऊन बसली.

पण त्या आठवड्यात ऊन असं तापलं की गच्चीवर पाय ठेववेना. देवेशची खोली स्लॅबखाली, भट्टीच झाली होती. नवं कार्ड मुळातच तापणारं. मध्येच मशीन बंद पडायचं, पडदा काळा व्हायचा आणि सुचिता कासावीस होऊन हाक मारायची, "कुठी गेली वं?" शुक्रवारी देवेश मलकापूरला गेला होता. मशीन पुन्हा बंद पडलं.

आमच्याकडं उन्हाळ्यात तापलेल्या कशासमोरही कूलर लावतात. तापानं फणफणलेलं पोर असो, बाळंतीण असो, नाहीतर मांडवातले पाहुणे. गोपाळनं तेच केलं. बैठकीतला मोठा लोखंडी कूलर ढकलत आणला, टाकीत काठोकाठ पाणी भरलं, वाळा भिजवला. मशीनचं बाजूचं झाकण काढलं, कूलरचं तोंड आतल्या कार्डावर धरलं आणि बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. गारव्याबरोबर आमचा कूलर बारीक थेंबही फेकतो. अंगावर पडले की बरं वाटतं. मशीन सुरू झालं, आरोही हसली, दोन पावलं चालली, आणि चर्र होऊन जळका वास आला.

देवेश आला तेव्हा कार्डावर थेंब वाळून बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले होते. गोपाळ कोपऱ्यात उभा होता. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"त्याले गरम होऊन राह्यलं होतं बे," एवढंच म्हणाला.

देवेश बापावर ओरडला नाही. नवं कार्ड पुण्याहून यायला वेळ लागणार होता. सुचिता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांची ताटं वाढली, स्वतःचं वाढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा तेच सुरू झालं होतं, आणि या वेळी तिच्या अंगात पहिल्याइतकं बळही नव्हतं.

त्या संध्याकाळी देवेशनं मशीन कोरडं केलं, जळकं कार्ड उपसून काढलं. बाकीचं जिवंत आहे की नाही ते बघायचं होतं. मी शेजारी बसले होते. "चित्र नाही येनार," तो म्हणाला, "आत रंगवनारंच कोनी नाही. नुसता पंखा फिरते का पाहू."

त्यानं बटन दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आणि स्पीकरमधून वारा वाहू लागला. विहिरीवर बादली आपटली.

टप्… सर्र. टप्… सर्र.

देवेशचा हात हवेतच राहिला. "जुनं," तो कुजबुजला. "कार्ड सापडलं नाही तं खेळ जुन्या रस्त्यानं चालावा, असं म्याच लिहून ठेवलं होतं कधीचं." आत आचारी एकटाच शिजवत होता, वाढायला कुणी नव्हतं. कुणी बघत नाही हे त्याला कुठं माहीत? तो आपला अंधारात तिचं एकेक पाऊल उचलत होता, टेकवत होता, घासत होता, जसं तिनं गच्चीवर टाकलं होतं तसंच.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आरोही, चपला दारातच काढ वं! फरशी ओली हाये!"

फरशी कोरडी होती. आरोही गेल्यापासून सुचितानं तिला हात लावला नव्हता.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सुचिता बाहेर आली, हाताला पीठ तसंच. आमच्याकडं आली नाही. जिन्याच्या दाराशी गेली आणि खाली चपलांकडं बघत उभी राहिली. गोपाळच्या, देवेशच्या, माझ्या. आतमध्ये खेळातली पावलं घरापर्यंत आली, वळली आणि परत विहिरीकडं निघाली.

"पुसलं नाही तुनं," ती देवेशला म्हणाली.

"नाही."

मी भांडायला पदर खोचलाच होता. पण ती भांडली नाही. उंबऱ्यावर बसली. "मले माहीत होतं, ताई," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "पह्यल्याच दिवशी माहीत होतं. तोंड तिचं आन पाय भलतीचे. पन किती सुंदर चालून राह्यली होती वं थे! कोनी नावं नसते ठेवले. कोनी चहा पिऊन उठून नसतं गेलं." मग ती रडली. आरोहीला नेलं त्या दिवशीही अशी रडली नव्हती. पिठाचे हात तोंडाला लागले, ते मी पदरानं पुसत राहिले आणि माझंही काही वेगळं नव्हतं.

"हे मले दाखवू नका," शेवटी ती म्हणाली. "ताईच्या खोलीत ठेवा. दूर."

नवं कार्ड आलं. देवेशनं खेळ पूर्ण केला आणि तो पुण्याला गेला. खेळ बाजारात आला. लोक म्हणे त्या मुलीच्या चेहऱ्याची फार तारीफ करतात. ती सरळ चालते. माझ्या लाडक्या भाच्याला मी फोनवर एवढंच म्हटलं, "छान." आणखी काही बोलले असते तर तोंडून शिव्याच निघाल्या असत्या.

जुनं मशीन माझ्या खोलीत आहे. त्याला कार्ड नाही, पडदाही जोडलेला नाही. दिवा लावला की मी बटन दाबते आणि आरोही चालते. सुचिता माझ्या खोलीत कधी येत नाही. पण तेवढा वेळ स्वयंपाकघरातली भांडी वाजत नाहीत, नळ वाहत नाही. मग ती जेवते. रोजची अर्धी भाकरी, त्याहून जास्त नाही.

काल दिवेलागणीला लाईट गेली. कुठं तार तुटली होती म्हणे, सगळं गाव अंधारात. मी मेणबत्ती लावून बसले. मशीन गप्प. बराच वेळ गेला. स्वयंपाकघरातही काही वाजत नव्हतं.

"ताई," आतून सुचिताचा आवाज आला, "आज उशीर झाला का वं तिले?"

कार्डाला शिव्या घालणारी मी, वाढप्यानं डोकं चालवू नये हे पटलेली मी. उठले. चपला घातल्या. भिंत धरत जिन्याच्या निम्म्यापर्यंत उतरले आणि वळून वर चढू लागले. उजवी टाच आपटली, डावा पाय ओढला. टप्… सर्र. माझे गुडघे दुखतात, मला तिच्यासारखं जमत नाही. तरी चढत गेले. टप्… सर्र. टप्… सर्र.

वरती अंधारात काहीच हालचाल नव्हती. मी दाराशी पोचले. मग आवाज आला, अगदी हळू.

"चपला दारातच काढ वं, आरोही. फरशी ओली हाये."

मी वाकले आणि चपला दारातच काढल्या.